तोंड मिटायचं कसं

गुडघ्यांबद्दल बोलायला आपल्याकडे निमंत्रण लागत नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली अनोळखी बाईसुद्धा जिलबीची दुसरी फेरी येईपर्यंत आपल्या दोन्ही गुडघ्यांचा इतिहास सांगून मोकळी होते. कुठला बदलला, कुठल्याला तारीख मिळाली आहे, कुठल्याला तेल चालतं, सगळं. मणके, खांदे, टाचा यांनाही आपापले श्रोते आहेत. पण जबड्यालाही सांधा असतो आणि तो दुखूही शकतो, असं म्हटलं की माणसं आधी हसतात आणि मग हळूच तोंड उघडून-मिटून बघतात. तुम्हीही बघा. दोन्ही करंगळ्या कानांत घाला, बोटाचा मऊ भाग पुढच्या बाजूला येऊ द्या आणि आ करा. बोटाला जे पुढे सरकलेलं आणि परत आलेलं जाणवतं, तोच हा सांधा. कानाच्या इतका शेजारी, की त्याची तक्रार बहुतेक जण कानाच्या डॉक्टरांकडे नोंदवतात.

मीही तिथेच नोंदवली. डावा कान ठणकतो, आत काहीतरी भरून राहिल्यासारखं वाटतं, सकाळी उठल्यावर जास्त. डॉक्टरांनी कानात दिवा धरून पाहिलं आणि म्हणाले, "कान उत्तम आहे." दुखणाऱ्या माणसाला यापेक्षा वाईट बातमी नाही. उत्तम कान घेऊन आता जायचं कुठे? पण ते जाणकार होते. त्यांनी माझ्या कानांपुढे दोन्हीकडे बोटं टेकवली, तोंड उघडायला सांगितलं. डावीकडून "टक" असा आवाज आला. "दातांच्या डॉक्टरांना दाखवा," ते म्हणाले. कान दुखतो म्हणून दातांच्या डॉक्टरकडे जाते आहे, असं घरी सांगितल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, "डोळे कोण बघणार मग?"

ही कान-दातांची गल्लत जुनी आहे. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात जेम्स कॉस्टेन नावाचे कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. त्यांनी १९३४ साली अकरा रुग्णांची हकिगत लिहिली. कान दुखतो, कानात आवाज येतो, गरगरतं, डोकं दुखतं, आणि कान मात्र उत्तम. त्यांचं म्हणणं असं की मागच्या दाढा पडल्या की जबडा गरजेपेक्षा जास्त मिटतो आणि सांध्यामागच्या नसांवर दाब येतो. पुढे शरीररचनेच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं की तिथे असा दाब पडण्याजोगी रचनाच नाही. कारण खोटं ठरलं, दुखणं मात्र खरं होतं, त्यामुळे कॉस्टेन यांचं नाव त्याला पुढे कितीतरी वर्षं चिकटून राहिलं.

शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात सांध्यांचे प्रकार होते. उखळीचा, बिजागरीचा, सरकता. जबड्याचा सांधा एकाच घोटात यातले दोन प्रकार उरकतो. तोंड दोन-अडीच सेंटिमीटर उघडेपर्यंत तो बिजागरीचा असतो, जागच्या जागी फिरतो. त्यापुढे, म्हणजे जांभई, आलाप किंवा पाणीपुरी आली की तो सरकता होतो आणि हाडाचं टोक खोबणीतून पुढे येतं. मध्ये कूर्चेसारखी चिवट छोटी चकती असते. ती जागेवरून जरा पुढे घसरली, की तोंड उघडताना हाड तिच्याखाली उडी मारून शिरतं. तीच ती टक. शिवाय खालचा जबडा हे एकच हाड, त्याला डावा आणि उजवा असे दोन सांधे, आणि एकाला टाळून दुसऱ्याला इकडचं तिकडे होता येत नाही. एकत्र कुटुंबात नांदलेल्या कुणालाही यातली अडचण समजावून सांगायला नको. दुखतं एकाला, आणि तोंड वाकडं होतं दोघांचं.

दातांच्या डॉक्टरकडे जाण्याआधी नातेवाइकांकडे जावं लागतं, तो नियम मीही पाळला. नणंदेने जंताचं औषध सांगितलं. झोपेत दात खाणाऱ्या मुलाला जंत झालेत असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मानतात, पण पन्नाशीच्या बाईला हे सांगायला धीर लागतो. दिराने लवंगेचं तेल सुचवलं. शेजारच्या काकूंनी शनिवारी मारुतीला तेल वाहायला सांगितलं. मी म्हटलं, "काकू, त्याचा आणि जबड्याचा काय संबंध?" त्या म्हणाल्या, "अगं, इंद्राने वज्र मारलं ते त्याच्या हनुवटीवरच ना? दुसऱ्या कुठल्या देवाला कळणार तुझं दुखणं?" ही एवढी एक सूचना मला पटली, कारण तिच्यामागे निदान रुग्णाचा पूर्वेतिहास होता.

आमच्या ठाण्यातली दातांची डॉक्टर वयाने माझ्या भाचीएवढी. मला काकू म्हणते. तिने पहिला प्रश्न विचारला, "सुपारी खाता? गुटखा?" मला राग आला असता, पण तिने कारण सांगितलं. आपल्याकडे तोंड कमी उघडणारा माणूस दिसला की आधी सुपारीबद्दल विचारावंच लागतं. सुपारीने तोंडाच्या आतलं अस्तर आवळत जातं, तोंड उघडेनासं होतं आणि पुढे कर्करोगाचा धोका राहतो. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली तरी तिचे असे रुग्ण संपलेले नाहीत. आमच्याकडे सुपारी फक्त पूजेला लागते हे ऐकल्यावर तिने माझीच तीन बोटं एकावर एक ठेवून दातांमध्ये घालायला लावली. निरोगी तोंडात साधारण तेवढी जागा असते. माझी दोन गेली, तिसरं अडलं. मग तिने गालांवर, कानशिलांवर बोटांनी दाबत दाबत शोध घेतला. गालाच्या एका जागी दाबल्यावर मी खुर्चीतून उठलेच.

"हा चावण्याचा स्नायू," ती म्हणाली. "काकू, रात्री दात खाता का?"

"मुळीच नाही," मी म्हटलं.

"खाते," नवरा म्हणाला. त्याला मी गाडी चालवायला आणलं होतं, साक्ष द्यायला नाही.

या दुखण्याची गंमतच ही आहे. करणाऱ्याला पत्ता नसतो आणि ऐकणाऱ्याला झोप नसते. त्याने डॉक्टरला आवाजाचं वर्णन करून सांगितलं, आणि इतक्या तपशिलात सांगितलं, की त्याने हे कित्येक वर्षं मनात साठवलं असावं. मीही मग त्याच्या घोरण्याचा विषय काढला. डॉक्टरने दोघांकडे पाहिलं आणि म्हणाली, "एकेक बघू." हे दुखणं पुरुषांपेक्षा बायकांमध्ये बरंच जास्त आढळतं, असंही तिने सांगितलं. का, याची उत्तरं बरीच आहेत, संप्रेरकांपासून ताणापर्यंत, पण एकही पुरेसं नाही. नवऱ्याकडे बघून मला एक सुचलं होतं, ते मी बोलले नाही.

मग तिने तो प्रश्न विचारला, ज्यासाठी खरं तर मी हे सगळं लिहायला बसले आहे. "काकू, आत्ता तुम्ही बोलत नाही आहात, खात नाही आहात. तर आत्ता तुमचे दात कुठे आहेत?"

मी म्हटलं, "तोंडात."

"म्हणजे वरचे खालच्यांना टेकलेत का?"

टेकलेले होते. नुसते टेकलेले नाहीत, चांगले रुतून बसलेले होते. मला वाटत होतं तोंड मिटणं म्हणजे हेच. तर तसं नसतं. ओठ मिटलेले, जीभ अलगद टाळूला टेकलेली आणि वरच्या-खालच्या दातांमध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट, ही मिटलेल्या तोंडाची खरी अवस्था. चावणं आणि गिळणं धरून दिवसभरात दाताला दात लागतो तो वेळ अभ्यासकांच्या हिशेबाने सगळा मिळून पंधरा-वीस मिनिटं. बाकी सगळा वेळ त्यांनी एकमेकांपासून जरा लांब राहायचं असतं. वाचता वाचता तुम्ही आत्ता आपले दात कुठे आहेत ते तपासलंच असेल. मी हे ज्याला ज्याला सांगितलं, त्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर पुढच्या क्षणी काहीतरी सैल झालेलं मी पाहिलं आहे.

मला नवल याचं वाटतं, की तोंड मिटायला जन्मभर सगळ्यांनी सांगितलं. आईने सांगितलं, शाळेत बाईंनी सांगितलं, लग्न ठरल्यावर मावशीने तर खोलीत वेगळं बसवून सांगितलं. मिटायचं कसं, ते एकीनेही सांगितलं नाही. चालावं कसं, बसावं कसं, पाट-पाणी कसं घ्यावं, याचं शिक्षण झालं. रिकाम्या तोंडाने काय करावं, ते शिकवायचं राहून गेलं. आणि मी तर बँकेत नोकरीला. तिथे मिटलेल्या तोंडावरच पगार मिळतो. काउंटरपलीकडचा माणूस "तुम्ही लोक काही कामाचे नाही" म्हणतो, तेव्हा आपण हसून "टोकन घ्या सर" म्हणायचं असतं, आणि त्या हसण्याच्या आत दात काय करत असतात, ते कुणाला दिसत नाही. मार्चअखेरीला आमच्या शाखेत एक्सरे मशीन लावलं, तर एकाचाही जबडा सुटा सापडणार नाही.

यावर डॉक्टरचा उपाय म्हणजे रंगीत टिकल्या. संगणकाच्या पडद्याला, मोबाइलला, स्वयंपाकघरात ओट्यावर, गाडीच्या आरशाला एकेक चिकटवायची आणि ती दिसली की दात सुटे करायचे. मी शाखेत टेबलावर, कॅलक्युलेटरवर, शिक्क्यांच्या डबीवर लाल टिकल्या लावल्या. तपासणीला आलेल्या साहेबांना वाटलं या वस्तू नोंदीतून काढायच्या आहेत. त्यांनी तशी यादी करायला घेतली.

रात्रीसाठी मात्र टिकली चालत नाही. रात्रीसाठी स्प्लिंट. आपल्याकडे त्याला नाइट गार्डही म्हणतात. माप घ्यायला एक भुकटी पाण्यात कालवतात, ती समुद्री शेवाळातून काढलेली असते, आणि ती तोंडात घातल्यावर घशाशी येतं. त्यावर डॉक्टरने सांगितलं, "नाकाने श्वास घ्या आणि डावा पाय वर उचलून धरा." पाय का? तर लक्ष पायाकडे जातं आणि उमासा थांबतो. खरंच थांबला. पुढच्या भेटीत टेबलावर माझ्या दातांचा साचा ठेवलेला होता. स्वतःचे दात असे हातात घेऊन बघायची वेळ सहसा येत नाही. सुळ्यांची टोकं झिजून सपाट झाली होती. मला कुणी कधी चिडकी म्हटलेलं नाही. त्या साच्याने म्हटलं.

स्प्लिंट म्हणजे कडक पारदर्शक ॲक्रिलिकची कमान, वरच्या दातांवर बसणारी, दोनेक मिलिमीटर जाड. ती तयार आली की थेट घालायची नसते. डॉक्टर दातांमध्ये निळा कागद धरते, चावायला लावते, जिथे जास्त डाग पडतो तिथे घासते, पुन्हा कागद, पुन्हा घासणं. सगळीकडे सारखे डाग पडले की काम झालं. पहिल्या रात्री तोंडाला वाटलं काहीतरी खायला आलं आहे. लाळ सुटली ती थांबेना. "गुड नाइट" म्हणायला गेले तर जे बाहेर पडलं त्यावर नवरा उठून बसला. पुढे सवय झाली. सकाळी गार पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवायची, गरम पाणी लावायचं नाही, कारण वाकते. डबीतच ठेवायची, कारण उघड्यावर ठेवलेली वस्तू आपल्या घरात कामवाल्या मावशींच्या दृष्टीने कचरा असते आणि कुत्र्याच्या दृष्टीने खाऊ. लाळेच्या वासाने कुत्री अशा वस्तू आवडीने चावतात, ही सूचना कागदावर छापलेली होती. आमच्याकडे कुत्रा नाही. सासूबाईंनी तरी दोन दिवस दार लावून घेतलं.

या कमानीसाठी काही हजार मोजून झाल्यावर भाचीने, म्हणजे खऱ्या भाचीने, ती फिजिओथेरपी शिकते, मला एक बातमी दिली. ब्रिटनच्या 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात डिसेंबर २०२३ मध्ये जबड्याच्या जुनाट दुखण्यावर तज्ज्ञांच्या सूचना आल्या आहेत. त्यांत ठाम शिफारस आहे ती व्यायामाची, स्नायू ताणण्याची, मानसोपचाराच्या काही पद्धतींची, घरच्या घरी करायच्या काळजीची, आणि रुग्णाला नीट समजावून धीर देण्याची. आणि काढता-घालता येणाऱ्या स्प्लिंटबद्दल? शक्यतो नको. म्हणजे जे फुकट ते ठाम आणि ज्याचे पैसे दिले ते शक्यतो नको. मी तशीच डॉक्टरकडे गेले. ती अजिबात बिचकली नाही. म्हणाली, "काकू, माहीत आहे. दुखणं याने कमी होईलच असं मी कुठे म्हटलं? तुमचे दात वाचावेत म्हणून दिलं. घासायचंच असेल तर प्लास्टिक घासा." हे मला मान्य करावं लागलं. काही महिन्यांत कमानीवर चरे उमटले होते आणि ते माझ्या दातांवर उमटले नव्हते.

या उपचारांच्या इतिहासात एक प्रयोग मला फार आवडतो. एके काळी दातांचे उंचवटे घासून चावा जुळवला की जबडा बरा होतो अशी पक्की समजूत होती. शिकागोत डॅनिएल लास्किन यांच्या गटाने १९७६ मध्ये पंचवीस रुग्णांवर हे घासणं केलं, पण खोटं खोटं. यंत्र फिरवलं, आवाज केला, दाताला काहीच केलं नाही. पंचविसांपैकी सोळा जणांचं दुखणं पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गेलं. याच गटाने त्याआधी नुसती टाळूवर बसणारी, दातांमध्ये येतच नाही अशी पट्टीही देऊन पाहिली होती. तिनेही काहींना बरं वाटलं. हे वाचून लोक म्हणतात, म्हणजे दुखणं मनाचं होतं. मला तसं वाटत नाही. गालावर बोट दाबल्यावर मी उठले ती मनाने उठले नव्हते. मला वाटतं, कुणीतरी आपल्या जबड्याकडे गंभीरपणे बघतं आहे एवढ्यानेच जबड्याला पहिल्यांदा विश्रांती मिळत असावी. शिवाय हे दुखणं पुष्कळांचं काळाबरोबर आपोआपच उतरतं, आणि त्या वेळी जो उपाय चालू असेल त्याच्या नावावर श्रेय जमा होतं.

उलट बाजूही आहे, आणि ती हसण्याजोगी नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत हजारो लोकांच्या जबड्यातली चकती काढून तिथे टेफ्लॉनचा तुकडा बसवला गेला. चावण्याच्या जोराने तो झिजला, त्याचे कण सुटले, आणि त्या कणांशी भांडता भांडता शरीराने आपलंच हाड खाल्लं. काहींच्या बाबतीत ते कवटीपर्यंत गेलं. तिथल्या सरकारला १९९१ च्या सुमारास ते तुकडे परत मागवावे लागले. आज डॉक्टर या सांध्याबाबत सावकाश घ्या, परत फिरवता येणार नाही असं काही आधी करू नका, असं का म्हणतात, ते यावरून कळतं. त्या मानाने माझी ॲक्रिलिकची कमान म्हणजे अगदीच गरीब प्राणी. नको वाटली तर डबीत राहते.

व्यायाम भाचीने शिकवले. चिलीचे फिजिओथेरपिस्ट मारियानो रोकाबादो यांची ही पद्धत, सहा व्यायाम, प्रत्येक सहा वेळा, दिवसातून सहादा. पहिला म्हणजे जीभ टाळूला चिकटवून, 'न' म्हणताना टेकते त्या जागी, टक्‌टक्‌ असा आवाज काढायचा. लहान मुलाला पाठीवर घेऊन घोडा-घोडा करताना काढतो तोच. दुसऱ्यात जीभ तिथेच धरून तोंड उघडायचं. जीभ सुटायला लागली की थांबायचं. म्हणजे सांधा बिजागरीवरच राहतो, सरकण्याच्या भानगडीत पडत नाही. तिसऱ्यात हनुवटीला दोन बोटांनी हलका विरोध करायचा आणि जबड्याने जागा सोडायची नाही. उरलेले तीन मान आणि खांद्यांचे. मी विचारलं, जबड्याच्या व्यायामात मान कशाला? तर ती म्हणाली, "मामी, तू मोबाइल बघताना बाजूने तुझा फोटो काढू का?" मी तिला मान मागे घेऊन दाखवली.

दिवसातून सहादा म्हणजे किमान दोनदा लोकलमध्ये. बायकांच्या डब्यात कुणी भाजी निवडतं, कुणी मळवट भरून पोथी वाचतं, कुणी मोबाइलवर सुनेची उलटतपासणी घेतं, तिथे माझ्या घोड्याला जागा मिळायला हरकत नव्हती. पण समोरच्या सीटवरचं बाळ हसायला लागलं, मग त्याची आई हसायला लागली, आणि मुलुंड येईपर्यंत तीन बाया माझ्याबरोबर टकटक करत होत्या. एकीचा जबडाही दुखत होता. ती गेली दोन वर्षं कानात थेंब घालत होती.

घरी सासूबाईंनी हे सहा-सहा-सहाचं प्रकरण जपमाळ ओढता ओढता ऐकलं आणि मनात हिशेब केला. "दोनशे सोळा होतात," त्या म्हणाल्या. "म्हणजे बरोबर दोन माळा." आणि तेव्हापासून माझा व्यायाम चुकला, की "आज एकच माळ झाली वाटतं" असं देवघरातून ऐकू यायला लागलं. कुठल्याही ॲपने इतकी नियमित आठवण करून दिली नसती.

खाण्यापिण्याचं पथ्य मी सगळ्यात सोपं समजत होते. चिक्की, ऊस, फुटाणे, डिंकाचा कडक लाडू बंद, हे कळण्यासारखं होतं. मऊ खिचडी, वरणभात, दुधात कुस्करलेली भाकरी, पुरणपोळी, ही मंडळी पहिल्यापासून दयाळू आहेत. खरी पंचाईत मऊ पण मोठ्या वस्तूंची. तोंड फार उघडायचं नाही, घास छोटा घ्यायचा. वडापाव सुरीने कापून खाल्ला, तेव्हा दुकानदाराने दुसरीकडे पाहिलं. पाणीपुरी तर कापताही येत नाही. ती एक तर पूर्ण तोंडात जाते, नाहीतर पूर्ण साडीवर. पण सगळ्यात मोठा प्रसंग गणपतीत आला. आम्ही कोकणातले. माझ्या पानात उकडीचा मोदक वाढला, वर तूप सोडलं, आणि मी चमच्याने त्याचे चार तुकडे केले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी सुपारीएवढे मोदक वळले, प्रत्येकाला पूर्ण पाकळ्या, एकही तुटलेली नाही. ते करायला त्यांना दुपार लागली.

जांभईचंही शिक्षण झालं. जांभई येणार असं वाटलं की जीभ टाळूला लावायची आणि हनुवटीखाली मूठ धरायची, म्हणजे तोंड हद्दीत राहतं. जांभई देता देता जबडा पुढे निसटून उघडाच राहणं हे माणसाचं फार जुनं संकट. इजिप्तमध्ये सापडलेल्या, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एका शस्त्रक्रियाविषयक पपायरसमध्ये तो परत कसा बसवायचा ते लिहिलं आहे. अंगठे तोंडात, बोटं हनुवटीखाली. आज तातडीच्या विभागात डॉक्टर जवळजवळ तेच करतात. सुश्रुतसंहितेतही निखळलेली हनुवटी शेकून, जागेवर बसवून बांधून ठेवायचा उपाय आहे. आमच्या झोनल ऑफिसच्या बैठकीत हनुवटीखाली मूठ धरून मी बसते, तेव्हा साहेबांना वाटतं मी विचार करते आहे. माझ्याबद्दलचं मत सुधारलं असल्याचं कळलं.

दुखणं उतरलं आहे. व्यायामाने, कमानीने, टिकल्यांनी, मारुतीने की नुसत्या दिवसांनी, ते सांगता येत नाही आणि मी त्या वादात पडत नाही. तिसरं बोट आता जातं. टक मात्र आहे तशीच आहे. ती जाणार का, विचारलं, तर डॉक्टर म्हणाली, "दुखत नसेल तर वाजू दे. बिनदुखीची टक कित्येकांना असते. तिच्यावर उपाय करायचा नसतो."

मग "एकेक बघू" या शब्दाला जागून तिने नवऱ्याला बोलावलं. त्याची झोपेची तपासणी झाली. श्वास अधूनमधून अडकतो, पण प्रमाण सौम्य आहे, असं निघालं. त्यालाही रात्री तोंडात घालायला एक उपकरण दिलं आहे. माझ्या कमानीपेक्षा दुप्पट मोठं, दुप्पट महाग, वरचं आणि खालचं असे दोन भाग. ते खालचा जबडा पुढे धरून ठेवतं, म्हणजे घशातली वाट मोकळी राहते आणि घोरणं थांबतं. थांबलंही. बेसिनवर आता दोन डब्या असतात, आणि त्या एकसारख्या दिसू नयेत म्हणून माझ्या डबीवर मी लाल टिकली लावली आहे. उपकरण देताना डॉक्टरने त्याला बजावलं होतं, "काका, सुरुवातीला सकाळी जबडा दुखेल. चावा जरा बदलल्यासारखा वाटेल. उठल्यावर थोडे व्यायाम करायचे." त्याने तेव्हा ते ऐकलं नव्हतं. काल सकाळी मी चहा टाकत होते, तर तो डावा गाल धरून ओट्याशी येऊन उभा राहिला. बराच वेळ काही बोलेना.

"तो घोड्याचा आवाज," शेवटी म्हणाला, "जीभ नक्की कुठे लावून काढतेस?"

"न म्हण," मी म्हटलं.

"न."

आतून सासूबाईंनी विचारलं, "त्याच्या माळा मी वेगळ्या मोजायच्या का गं?"